पोरीला सायकलीवर हायवेनं शाळेत पाठवावं का?

बांधावरचा (माजलगाव तालुका)

रामराम मंडळी. पोरगी यंदा आठवीला गेली. मानव विकास म्हणजे गरजू पोरींना सायकलीसाठी पैसे देणारी सरकारी योजना, तिच्या यादीत पोरीचं नाव आलं. तेव्हापासून आमच्या घरात वाद चालू आहे, की सायकल घेऊन तिला पाठवायची का सायकल वाड्यात उभी करायची.

शाळा चार किलोमीटरवर. सुरुवातीला थोडा गावातला रस्ता, बाकी सगळा सिमेंटचा हायवे. रोड झाला तेव्हा आम्हीच पेढे वाटले होते. आता त्याच्यावर गाड्या अशा पळायल्यात की कुत्रंसुद्धा कडंला थांबून दोन्हीकडं बघतंय. रोड दुपदरी, मधी दुभाजक नाही. सिमेंटची कड साइडपट्टीपासून चांगली वीतभर उंच. मुरूम टाकला होता तो पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेला, खाली राहिली काळी माती. म्हणजे मागून ट्रक आला म्हणून लेकरानं खाली उतरायचं ठरवलं तरी सायकल उतरत नाही, पडते. वर त्यात कारखाने चालू झालेत. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगानं बाहेर आलेला, आन् डेक एवढा मोठा लावलेला की मागं कोण हॉर्न वाजवायलंय ते ड्रायव्हरला कळायचं कामच नाही.

एसटीचा पास पोरींना फुकट आहे, ते खरं. पण आमच्याकडं एक गाडी नऊला येती आणि दुसरी साडेअकराला. शाळा साडेदहाची.

आमचे वडील म्हणतात पाठव, मी याच रोडनं जन्मभर सायकल मारली. पण त्यांच्या टायमाला तो एकपदरी डांबरी होता, अन् समोरून गाडी आली तर दोघं एकमेकाला ओळखत होते. पोरीची आई म्हणते शाळा बुडाली तरी चालंल पण हायवेला नको. शाळा बुडू द्यायची नाही, एवढं माझं पक्कं आहे. बाकीचं तुम्ही सांगा. सायकल आणि मोटारी एका रोडवर नीट चालू शकतात का?

---

नाथसागर

स्कुटी घेऊन द्या. विषय संपला.

---

खडूफळा (शिक्षिका, परभणी)

@नाथसागर, आठवीतल्या मुलीला? लायसन सोळाव्या वर्षी मिळतं, तेही बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी सापडली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्या शाळेच्या गेटवर हे कागद चिकटवून ठेवलेत, तरी गेटबाहेर स्कुट्या उभ्या असतातच, ते सोडा.

---

डेपोवाला (अंबाजोगाई)

मी एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर आहे. सायकलवाल्याकडं सगळी नोकरी पुढच्या काचेतून बघितलं, म्हणून त्या बाजूनं सांगतो. जरा लांबंल.

धारूरच्या घाटात मला सायकलवाल्याची कधी भीती वाटली नाही. माझी गाडी दुसऱ्या गिअरला, तो उतरून ढकलायला, दोघं एकमेकाचं तोंड बघत वर जायचो. गावातल्या बाजाराच्या रस्त्यावर पण नाही. तिथं सायकल, बैलगाडी, शेळ्या, म्हातारी माणसं सगळी एकाच रस्त्यात असतात आणि सगळेच हळू असतात. भीती सपाट, चांगल्या रस्त्यावर. रस्ता जेवढा चांगला तेवढी सायकलवाल्याची धडगत कमी, हे आमच्यातला कुठलाबी जुना ड्रायव्हर सांगंल.

त्याचं कारण साधं आहे. ताशी साठनं गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाती. ड्रायव्हरला लेकरू दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात एक सेकंद संपतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडीच्या दीड लांबीएवढी पुढं गेली. ब्रेक लागल्यावरचं अंतर ते निराळंच, आणि गाडी भरलेली असली तर बघायलाच नको. तिसाची गाडी साठनं पळवली तर मार दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. ट्रेनिंगला आम्हाला हे सांगायचे, तेव्हा कोणी ऐकायचं नाही.

आता तुमच्या रोडचं. दुपदरी रोडवर लोक फक्त मागच्या गाडीला भितात. मी जास्त भ्यायचो ते तिघं एका जागी यायला. समोरून ट्रक, इकडून माझी गाडी, आणि माझ्या डाव्या अंगाला सायकल. रोडवर जागा दोघांची. ज्याला कळतं तो ड्रायव्हर अॅक्सिलरेटर सोडतो, सायकलच्या मागं दोन सेकंद थांबतो, ट्रक गेला की बाहेरून निघतो. ज्याला कळत नाही तो मधी घुसतो. आणि समोरून येणारा कोणी ओव्हरटेकला बाहेर निघाला तर तो सरळ तुमच्या पोरीच्या बाजूवर येतो. त्याला ती दिसली तरी तो तिला मोजत नाही. सायकलच आहे, होईल बाजूला, असं धरून चालतो. बाजूला तर वीतभर खड्डा.

हॉर्नचं पण बघा. हॉर्न लांबून, दोनदा, बारीक द्यायचा असतो. जवळ जाऊन भोंगा वाजवला की लेकरू दचकतं, आणि दचकलं की मान मागं वळवतं. मान उजवीकडं वळली की हँडल उजवीकडं जातंच. पोरीला आधी हे शिकवा, हँडल न हलवता मागं बघायला. मोकळ्या रानात शिकवा, जमायला वेळ लागतो.

दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचं लक्षात ठेवा, हे कोणी सांगत नाही. ट्रॅक्टर गेला, पहिली ट्रॉली गेली, लेकराला वाटतं सुटलो, ते परत रोडच्या आत येतं. दुसरी ट्रॉली सापासारखी हलत येती आणि तिचा ऊस बाहेर असतो. आणि सगळा ट्रॅक्टर गेला तरी लगेच आत यायचं नाही, कारण त्याच्यामागं वैतागलेल्या गाड्यांची रांग असती, त्यातला एखादा मोटरसायकलवाला डावीकडून निघतो.

तर माझं उत्तर: चालू शकतात, पण तुमच्या हायवेवर नाही. आणि कारखाना चालू असताना दिवस मावळल्यावर तर अजिबात नाही. डिसेंबरात सहाला अंधार पडतो, शाळेनंतर जादा तास असले तर पोरगी नेमकी त्या वेळी रोडवर असती.

---

दोनट्रॉली (वडवणी)

काका सगळं बरोबर, पर आमची पण बाजू ऐका. मी ऊसच वाहतोय. तुमी म्हणता साईड द्या. डावीकडं घेतलं आन् चाक कडंवरून उतरलं तर ट्रॉली पलटी, ऊस रोडवर, आन् माझा मुकादम माझ्या उरावर. ट्रॉलीला ब्रेक नसतो, ढकलत येती. आरशात उसाशिवाय काय दिसत नाही. आरटीओ आन् कारखान्यावाले दरसाली रिफ्लेक्टर लावून फोटो काढतात, मग फडात दोन दिवस राहिलं की धुळीनं त्याचं काय राहत नाही. डेकचं मात्र तुमचं खरंय. रातभर झोप नसती म्हणून लावतोत. पोरगी दिसली तर मी थांबतो. मागचा थांबंल का, ते मी कसं सांगू?

---

सिडको-वाळूज

मी छत्रपती संभाजीनगरात सिडकोहून वाळूज एमआयडीसीत सायकलने कामाला जातो, म्हणून शहराच्या बाजूने बोलतो. डेपोवाले काकांचं बहुतेक पटलं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: चालणारे, सायकलवाले आणि मोटारी जिथे मिसळतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नसावा, आणि वेग जास्त हवा असेल तर सायकलला वेगळी वाट द्यावी. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेवर मुलं होती. आईबाप रस्त्यावर येऊन बसले, तेव्हा कुठे तिथे सायकलचे वेगळे मार्ग व्हायला लागले. आपल्याकडेही एका रस्त्यावर पट्टा आखून प्लास्टिकचे खांब लावले होते. खांब मोडले, पट्ट्यावर आता चारचाक्या उभ्या असतात.

एका गोष्टीवर मात्र माझा वाद आहे. नवशिका सायकलवाला भीतीने अगदी कडेला चिकटतो. कडेवरून हातभर आत चालवावं. कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं जागा आहे, आणि तो त्याच लेनमधून घासून जातो. आत असलात तर त्याला नीट ओव्हरटेक करावंच लागतं. शिवाय वाचायला तुमच्याकडे हातभर जागा उरते. मागे लाल लुकलुकणारा दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा. मी हेल्मेट घालतो, पण ट्रकपुढे हेल्मेट काय करणार, दिवा आधी.

---

डेपोवाला

@सिडको-वाळूज, हॉलंडचं राहू द्या, तिकडं साखर बीटाची बनती, उसाच्या ट्रॉल्या नसतात. तुमचा हातभर आतचा नियम शहरात चालंल, जिथं मागचा चाळीसनं यायलाय आणि त्याला तुम्ही दिसता. हायवेवर समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर असताना हातभर आत असलेलं लेकरू आम्हाला दिसतच नाही हो. मोठ्या माणसाला सांगितलं असतं तर मी गप्प बसलो असतो. तेरा वर्षाच्या पोरीला नको. दिव्याचं मात्र शंभर टक्के.

---

सिडको-वाळूज

काका, दिसत नसेल तर कडेलाही दिसणार नाही. पण ठीक आहे, त्या रस्त्यावर मुलीने नसावंच, यावर आपलं एकमत आहे.

---

नाथसागर

उलट्या बाजूनं चालवावी ना मग. समोरची गाडी दिसती तरी. आमच्या गावात सगळे असंच करतात.

---

डेपोवाला

आणि म्हणूनच सांगतो, नका करू. पायी चालणाऱ्यानं उजवीकडून, गाडीकडं तोंड करून चालावं, ते बरोबर आहे, कारण तो जागेवर थांबू शकतो, बाजूला उडी मारू शकतो. सायकलीवर पोरगी पंधरानं जायली आणि गाडी साठनं यायली तर दोघं पंच्याहत्तरनं जवळ येतात. पाठीमागून असती तर फरक पंचेचाळीसचा. शिवाय फाट्यावरून हायवेला लागणारा ड्रायव्हर उजवीकडं बघत असतो, डावीकडून उलटी सायकल येईल हे त्याच्या डोक्यातच नसतं.

---

खडूफळा

बांधावरचे दादा, दुसरी वाट नाही का? पाणंद, शिवरस्ता, काहीही. आमच्याकडे दोन गावांच्या मुली कालव्याकडेच्या मुरमाच्या रस्त्याने येतात, थोडं लांब पडतं. एकटी कोणी येत नाही. फाट्यावर जमतात आणि सगळ्या मिळून निघतात. शाळेने एक केलं, जादा तास संध्याकाळऐवजी सकाळी घेतले. मुख्याध्यापकांना भेटा, यासाठी कुठली परवानगी लागत नाही. साइडपट्टीसाठी ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. अर्जासोबत मोजपट्टी कडेला उभी धरून फोटो काढा, म्हणजे ‘किरकोळ फरक’ असं उत्तर येत नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन करून तक्रार नोंदवता येते.

---

बांधावरचा

आभार सगळ्यांचे. कालव्याचा रस्ता आमच्याकडं पण आहे, दीडेक किलोमीटर जास्त पडंल. आधी मी तो धरलाच नव्हता, कारण दोन्ही बाजूला पुरुषभर ऊस, मधी वस्ती एकच, अन् तिच्या आईचा जीव गाड्यांपेक्षा त्याच्यानंच जास्त घाबरतो. हायवेवर निदान माणसं तरी असतात, असं ती म्हणते, आन् तिचं खोटं नाही. म्हणून काल शेजारच्या दोन घरात विचारलं. दोन पोरी नववीच्या, एक दहावीची, तिघींच्या सायकली घरात नुसत्या उभ्या, कारण त्यांच्या आयांनी पण हेच म्हणलेलं. चौघी मिळून गेल्या तर सगळ्या आया तयार आहेत. वस्तीवरची आजी पोरी गेल्या-आल्याचं बघंल म्हणली.

हायवे फक्त शाळेपुढं ओलांडायचा राहिला. तिथं उतरून, सायकल हातात धरून, चौघींनी एकदम. डेपोवाले काकांचं ट्रॉलीचं मी पोरीला वाचून दाखवलं. ती म्हणली, मला माहीतच आहे, आम्ही बसमधून बघतो की.

ठराव येत्या ग्रामसभेत मांडतो. सरपंचाचा स्वतःचा ट्रॅक्टर कारखान्यावर आहे, तेव्हा बघू कसं बोलतेत ते.

आता एक शेवटचं. दुकानदार म्हणतो सव्वीस इंची घ्या, पोरगी वाढायची आहे, बारावीपर्यंत चालंल. घ्यावी का?

---

डेपोवाला

चोवीस घ्या. सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर ट्रक आल्यावर थांबायचं म्हणलं तरी ती थांबू शकत नाही. वाढली की सीट वर करा. आणि दुकानातून निघायच्या आधी दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघा, नवी सायकल आहे म्हणून सोडू नका.

---

दोनट्रॉली

आन् मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर मोठा घ्या. आमाला तेवढाच दिसतो.