मराठवाड्यात रिफायनरी मागावी का?

पूर्णाकाठ, परभणी

नमस्कार.

कोकणातील नाणार-बारसू रिफायनरीचे (कच्चे तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याचे) घोडे अडल्यापासून "कोकणाला नको असेल, तर मराठवाड्याला द्या" ही मागणी आमच्याकडे पुन्हा पुन्हा ऐकू येते. आमच्या भागातील काही व्यापारी, निवृत्त शिक्षक आणि शेतकरी मिळून शासनाला निवेदन देण्याच्या विचारात आहेत आणि त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

ही मागणी मला उडवून लावण्यासारखी वाटत नाही. २०१८ मध्ये देशातील सर्वांत महाग पेट्रोल विकले जाणारे शहर म्हणून परभणीचे नाव छापून आले, आणि त्यानंतरही ते अनेकदा आले. पंपचालकांना कारण विचारले, तर ते सांगतात, की टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून भरून सुमारे तीनशे किलोमीटर रस्त्याने येतो आणि ते भाडे दरात बसते. शिवाय शिकलेली मुले पुण्याला निघून जातात, विकासातील अनुशेषाची चर्चा दांडेकर समितीपासून, म्हणजे १९८४ पासून चालू आहे, आणि २०२० मध्ये वैधानिक विकास मंडळाची मुदत संपल्यावर तो प्रश्न मांडायला हक्काची जागाही उरली नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. रिफायनरी समुद्रापासून इतक्या आत चालू शकते का? चालली, तर आमच्याकडे पेट्रोल स्वस्त होईल का? आणि असा प्रकल्प कुठे जातो, हे ठरवते कोण?

उदगीरचा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर "होय" असे आहे. मी नोकरीची बरीच वर्षे उत्तर भारतातील एका रिफायनरीत प्रोसेस विभागात काढली, आणि तिथून समुद्र कित्येकशे किलोमीटर दूर होता. मध्य प्रदेशातील बीना येथील रिफायनरी २०११ मध्ये सुरू झाली. तिचे कच्चे तेल गुजरातमधील वाडीनार येथे जहाजातून उतरते आणि ९३५ किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनमधून बीनापर्यंत येते. भटिंड्याच्या रिफायनरीला मुंद्र्याहून हजार किलोमीटरहून लांब पाइपलाइन आहे. मथुरा आणि पानिपत तर त्याहून जुनी उदाहरणे आहेत. तेव्हा समुद्र नाही, एवढ्या कारणाने कोणी आपले निवेदन बाजूला ठेवू शकत नाही.

परंतु अंतर्भागात रिफायनरी का परवडते, हे समजून घेतल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. पेट्रोल २०१० मध्ये आणि डिझेल २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, तरी रिफायनरीच्या फाटकावरचा भाव त्या रिफायनरीच्या खर्चावरून निघत नाही. तेच पेट्रोल परदेशातून आणले असते तर किती पडले असते आणि निर्यात केले असते तर किती मिळाले असते, या दोन भावांचे ८० आणि २० टक्के असे प्रमाण धरून तो काढण्याची पद्धत आहे. त्यावर वाहतूक, केंद्राचे उत्पादन शुल्क, विक्रेत्याचे कमिशन आणि राज्याचा व्हॅट चढतो. याचा अर्थ असा, की बंदरापासून दूर असलेल्या गावात मालाची किंमत किनाऱ्यावरच्या भावात भाडे मिळवून ठरते, आणि तिथेच कोणी रिफायनरी उभी केली, तर वाचलेले ते भाडे बहुतांशी तिच्या नफ्यात जाते. ग्राहकाच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते. उत्तर भारतातील रिफायनऱ्यांचा हिशेब याच फरकावर बसतो, कारण तिथे मागणी प्रचंड आहे आणि किनारा लांब आहे.

आता हाच हिशेब परभणीला लावून पाहा. मुंबईत माहुलला दोन रिफायनऱ्या असून त्यांची एकत्रित क्षमता वर्षाला दोन कोटी टनांहून अधिक आहे. त्यांचा तयार माल एका पाइपलाइनने मनमाडला आणि दुसऱ्या पाइपलाइनने पुण्यावरून सोलापूरजवळच्या पाकणीला येतो. तिसरी पाइपलाइन गुजरातमधील कोयलीहून अहिल्यानगरमार्गे सोलापूरपर्यंत आखलेली आहे. म्हणजे मराठवाड्याच्या पश्चिम सीमेपर्यंत माल स्वस्तात पोहोचतो आणि आपल्याला महाग पडतो तो त्यापुढचा टँकरचा रस्ता. एवढ्या जवळ पुरवठा असताना इथे कच्चे तेल आणून ते शुद्ध करण्यात गुंतवणूकदाराला उत्तर भारतासारखा फायदा दिसणार नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. रिफायनरीचा नफा एका प्रकारच्या तेलावर ठरत नसून कोणते तेल कधी स्वस्त मिळते आणि ते पचवण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे का, यावर ठरतो. २०२२ नंतर रशियाचे तेल सवलतीत मिळू लागले, तेव्हा ज्यांच्याकडे खोल बंदर, मोठ्या टाक्या आणि जड तेलाचे विघटन करणारी युनिट होती, त्यांनी सर्वाधिक कमाई केली. जामनगरला दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि त्यांची एकत्रित क्षमता सुमारे ६ कोटी ८० लाख टन आहे. इथला बाजार पडला, तर तोच माल जहाजात भरून बाहेर पाठवता येतो. पाइपलाइनच्या टोकाशी बसलेल्या रिफायनरीला ही मुभा मिळत नाही. अमेरिकेत १९७७ नंतर मोठी नवी रिफायनरी जवळजवळ उभी राहिलीच नाही. क्षमता वाढली ती जुन्या जागांवर. आपल्याकडेही बीनाची क्षमता ६० लाखांवरून ७८ लाख टनांवर गेली आणि तिथेच पेट्रोकेमिकल संकुलासह विस्तार हाती घेतला आहे, कारण जमीन, पाणी, पाइपलाइन आणि शिकलेले कामगार तिथे आधीच आहेत. नव्या जागेचा विचार झाला, तर नजर पुन्हा आंध्रातील रामयपट्टणमसारख्या किनाऱ्याकडे वळते.

पाण्याविषयी थोडे सांगतो. आमच्या कूलिंग टॉवरवर उन्हाळ्यात पांढरी वाफ सतत वर जात असे आणि तेवढे पाणी रोज नव्याने भरावे लागे. सांडपाणी कितीही शुद्ध करून फिरवले, तरी वाफ होऊन गेलेले पाणी परत येत नाही. किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोडे करून ही गरज भागवता येते, आणि जामनगरने ते केलेही आहे. आपल्याकडे ते पाणी गोदावरीच्या खोऱ्यातूनच घ्यावे लागेल.

नांदेडहून, अर्थशास्त्राचा शिक्षक

तिसरा प्रश्न, म्हणजे ठरवते कोण, यावर लिहितो. उदगीरच्या सरांनी बाजाराचा हिशेब नेमका मांडला आहे, परंतु बाजाराने नाकारलेली जागा सरकार पैसे ओतून मिळवू शकते आणि तसे झालेलेही आहे. राजस्थानातील बाडमेर भागातील पचपदरा येथील रिफायनरी आपल्या निवेदनकर्त्यांनी डोळ्यांखालून घालावी.

तो प्रदेशही कोरडा आणि समुद्रापासून दूर आहे. मात्र त्यांच्या पायाखाली तेल होते, ही त्यांची जमेची बाजू. तरीसुद्धा वर्षाला ९० लाख टनांपैकी सुमारे १५ लाख टन तेल स्थानिक धरले आहे आणि उरलेले मुंद्र्याहून येणार आहे. पहिली पायाभरणी २०१३ मध्ये झाली. त्या वेळच्या करारानुसार राजस्थान सरकारने १५ वर्षे दरवर्षी ३,७३६ कोटी रुपये बिनव्याजी द्यायचे होते. सरकार बदलल्यावर वाटाघाटी नव्याने झाल्या, ती रक्कम वर्षाला १,१२३ कोटींवर आली आणि जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कामाचा पुन्हा शुभारंभ झाला. त्या वेळी खर्चाचा अंदाज ४३,१२९ कोटी होता, तो पुढे ७२ हजार कोटींच्या वर गेला. कंपनीत २६ टक्के भागीदारी राज्याची असल्यामुळे वाढीव खर्चातला वाटाही राज्यालाच उचलावा लागला. पाणी इंदिरा गांधी कालव्यातून आणावे लागते.

मला राजस्थानला दोष द्यायचा नाही. त्यांनी ठरवून किंमत मोजली. आपण मागणी करतो तेव्हा महाराष्ट्र शासनाने दरवर्षी किती रक्कम आणि किती वर्षे द्यावी, हे आपण कधीच लिहीत नाही. तो आकडा लिहायला घेतला, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: तेवढ्या पैशात मराठवाड्यातील अपूर्ण सिंचनाची किती कामे होतील? मी विद्यार्थ्यांना हा प्रश्न वर्गात घालतो, आणि सभागृहात आपल्या प्रतिनिधींनीही तो विचारावा असे मला मनापासून वाटते.

नाणारची गोष्ट वेगळी, पण तितकीच बोलकी आहे. तीन सरकारी तेल कंपन्यांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन ६ कोटी टनांचा, सुमारे ३ लाख कोटींचा प्रकल्प आखला. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक निम्म्या भागीदारीसाठी पुढे आल्या. पैसा होता, तेल होते, समुद्र होता. तरी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी भाजप-शिवसेना युतीच्या बोलणीत भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्याचे ठरले. पुढे २०२२ मध्ये बारसूचे नाव सुचवले गेले, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी तिथे स्त्रिया उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. गावाला विश्वासात न घेता केलेला हिशेब, तो कितीही मोठा असला, तरी टिकला नाही.

दुधनाथडी, जालना

मी जालन्यात वकिली करतो आणि भूसंपादनाच्या मोबदल्याची प्रकरणे पाहतो, म्हणून जमिनीपुरते लिहितो.

नाणारची अधिसूचना मे २०१७ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६१ च्या कायद्याखाली निघाली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटते, की २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यामुळे गावाच्या संमतीशिवाय जमीन जाऊच शकत नाही. त्या कायद्यात ८० टक्के संमतीची अट खासगी कंपनीसाठी आणि ७० टक्क्यांची सरकारी-खासगी भागीदारीसाठी आहे. सरकारी कंपनीच्या सार्वजनिक प्रयोजनाला ती नाही. निवेदनावर सही करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हे आधी समजले पाहिजे.

दुसरे असे, की प्रकल्पाची नुसती बातमी आली तरी जमिनीचे व्यवहार सुरू होतात. समृद्धी महामार्गाच्या वेळी आमच्या जिल्ह्यात मी पाहिले, की सातबाऱ्यावर बहिणींची नावे असलेल्या घरांत मोबदल्यापेक्षा हक्कसोडपत्राचीच चर्चा जास्त होती, आणि भाऊबंदकीचे दावे अजून कोर्टात आहेत. कूळ, वहिवाट, न झालेले फेरफार, पोटखराबा हे सगळे एका नोटिशीबरोबर वर येते. ज्यांच्या नावावर काहीच नाही, त्या सालगड्यांचा आणि शेतमजुरांचा हिशेब तर कागदावर येतच नाही.

पाण्याबाबत उदगीरचे सर संयमाने बोलले, मी थोडे स्पष्ट बोलतो. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडावे, यासाठी आपण कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असला तर वरून पाणी सोडायचे, हे मेंढेगिरी समितीने घातलेले सूत्र आपला आधार राहिले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच पाण्यातून मोठ्या रिफायनरीला हिस्सा देण्याची मागणी आपणच केली, तर नाशिक-नगरकडचे वकील पुढच्या सुनावणीत ते निवेदन आपल्याच विरोधात वाचून दाखवतील.

पूर्णाकाठ, परभणी

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. रोजगार? बांधकामाच्या काळात हजारो हातांना काम मिळते, असे सर्वत्र वाचतो.

उदगीरचा

बांधकाम चालू असताना हजारो माणसे लागतात, हे खरे आहे. पण वेल्डर, फिटर, रिगर यांचे ताफे ठेकेदारांबरोबर एका प्रकल्पावरून दुसऱ्यावर फिरतात आणि स्थानिकांच्या वाट्याला बहुधा खोदकाम, पहारा आणि वाहने चालवणे येते. प्रकल्प सुरू झाल्यावर कायम नोकऱ्या गुंतवणुकीच्या मानाने फार थोड्या असतात, कारण एका कंट्रोल रूममधून मोजकी माणसे सगळी युनिट चालवतात. खरा रोजगार रिफायनरीच्या पुढच्या टप्प्यावर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनच्या दाण्यांपासून पिशव्या, पाइप, वाहनांचे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत असतो. हे दाणे ट्रकने कुठेही येतात. वाळूज आणि चिखलठाण्याचे कारखाने आजही ते आणूनच चालतात. जालन्याचे ठिबकाचे पाइप करणारेही तेच करतात. तेव्हा अशा कारखान्यांसाठी शेजारी रिफायनरी असलीच पाहिजे असे नाही. वीज, कर्ज आणि आयटीआयमधून निघणारे नीट शिकलेले कामगार त्यांना अधिक उपयोगी पडतील.

मसुद्याबद्दल माझी सूचना अशी. मनमाड किंवा सोलापूरपासून परभणी-नांदेडच्या दिशेने पाइपलाइनची शाखा आणि तिच्या टोकाला डेपो, ही मागणी पहिली ठेवा. तिला जमीन अरुंद पट्ट्यापुरती लागते, ती वापरहक्काने घेता येते आणि वर शेती चालू राहते. पाणी तर जवळजवळ लागतच नाही. दुसरी मागणी भाड्याची. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी ओडिशा, छत्तीसगडसारख्या राज्यांतील दुर्गम ठिकाणांसाठी राज्यांतर्गत भाड्याची फेरआखणी केली आणि तिथले दर उतरले. तेच तत्त्व डेपोपासून दूर असलेल्या आपल्या जिल्ह्यांना पूर्णपणे लावा, असे म्हणता येईल.

नांदेडहून, अर्थशास्त्राचा शिक्षक

यात इथेनॉलची एक ओळ घालावी. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले आणि त्यात मक्याचा वाटा मोठा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधने आली, तेव्हा कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांची कोंडी झाली होती. उसापेक्षा कमी पाण्यात येणारा मका आपल्याकडे पिकतो. त्यावर चालणारे प्रकल्प आणि खरेदीच्या दराची काही वर्षांची हमी, ही मागणी आपल्या शेतीला धरून आहे.

पूर्णाकाठ, परभणी

मग मसुद्यात रिफायनरीचा परिच्छेद वगळून पाइपलाइनची शाखा, डेपो, भाडे आणि मका असा क्रम लावतो. आमच्यातील काहींना हे पटणार नाही, कारण "मोठे काही तरी" आणल्याचे समाधान त्यात नाही. त्यांच्यासमोर बाडमेरचे आकडे ठेवीन. कोणी पंपचालक हे वाचत असेल, तर पानेवाडीहून येणाऱ्या मालाच्या बिलात भाडे कसे दाखवले जाते, ते कृपया इथे लिहावे. निवेदनाला तो कागद जोडायचा आहे.