समोर आलेले हरीण निघून गेले. मागे राहिलेली रुखरुख कशी हाताळावी?

प्रश्न: झाडोरा

नमस्कार. परवाना घेऊन, हंगामात आणि कायद्याने मुभा असलेल्या प्रदेशात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्या सभासदांना हा प्रश्न विचारत आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये हरणाच्या शिकारीला मनाई आहे आणि माझ्या मते ती योग्यच आहे. मी लिहीत आहे ते उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, जिथे राज्यांची वन्यजीव खाती दरवर्षी शिकारीचे परवाने देतात. त्यामुळे शिकार असावी की नसावी हा वाद या धाग्यावर कृपया नको.

नोव्हेंबरमधील मीलनकाळ होता. सकाळी मचाणावर बसलेलो असताना एक मादी पळत आली आणि तिच्या मागोमाग, नाक जमिनीलगत धरून, हंगामभर ज्याची वाट पाहिली तो नर आला. मी धनुष्य पूर्ण ताणले. तो साधारण २५ मीटरांवर थांबला, पण छाती माझ्याकडे करून. समोरून बाण सोडायचा नाही हे मनाशी पक्के असल्यामुळे मी थांबलो. मग तो वळला आणि एखाद-दुसऱ्या श्वासापुरता पूर्ण आडवा उभा राहिला. पुढच्या पायाच्या किंचित मागे नेम धरला होता, मात्र मधे एक बारीक फांदी असल्याचे वाटले. ती बाणाच्या वाटेत येते की नाही याचा अंदाज घेतो न घेतो तोच मादीने उडी घेतली आणि तोही तिच्यामागे दिसेनासा झाला.

तेव्हापासून तोच क्षण डोळ्यांसमोर येत राहतो, आणि दर वेळी ती फांदी आणखी बारीक झालेली असते व मिळालेला वेळ आणखी लांबलेला असतो. घरच्यांना हे सारे क्षुल्लक वाटते, आणि ज्यांना सांगावे ते सोबती ‘तोंडाशी आलेला घास घालवलास’ म्हणून हसतात. मला सांत्वन नको आहे. ही रुखरुख कमी कशी करावी आणि तिचा परिणाम पुढच्या वेळच्या नेमावर होऊ नये यासाठी काय करावे, एवढेच विचारायचे आहे.

उत्तर: जुनेमचाण

झाडोरा, तुम्ही वर्णन केलेल्या प्रसंगात दोन वेगळे क्षण आहेत आणि तुम्ही त्या दोन्ही क्षणांचा हिशेब एकाच खात्यात मांडत आहात. ते आधी वेगळे करा.

पहिल्या क्षणी जनावर समोरासमोर उभे होते. त्या स्थितीत छातीचे हाड आणि खांद्याची हाडे आड येतात, बाणाला मिळणारी जागा अत्यंत अरुंद असते, आणि बाण जरासा सरकला तरी एकच फुप्फुस फाटते किंवा बाण तिरका होऊन पोटात जातो. असे जनावर मरते, पण फार उशिरा आणि फार लांब जाऊन, आणि पुष्कळदा ते सापडतच नाही. तेव्हा थांबण्याचा तुमचा निर्णय योग्य होता, आणि पुढे नर निघून गेला म्हणून तो अयोग्य ठरत नाही.

दुसऱ्या क्षणाबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. फांदी खरोखर वाटेत होती की नव्हती, हे फक्त त्या मचाणावरून कळेल. म्हणून एखाद्या दिवशी दुपारी जाऊन, त्याच जागी बसून पाहा. फांदी बाणाच्या वाटेत असेल तर तुम्ही जे केले त्यात सुधारण्यासारखे काही नव्हते, कारण बोटापेक्षा बारीक डहाळीही बाण भलतीकडे वळवू शकते. वाटेत नसेल तर तुमच्याजवळ सुधारण्याजोगी एक निश्चित गोष्ट आहे. दोन्हीपैकी काहीही निघाले, तरी आठवणीत बारीक होत जाणाऱ्या फांदीपेक्षा खरी फांदी बरी.

आणखी एक बाब, जी बाण न सुटल्याच्या दुःखात कोणी लक्षात घेत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि कंपाउंड (कप्प्या लावलेल्या आधुनिक) धनुष्याचा बाण साधारण ८० ते ९० मीटर. म्हणजे २५ मीटरांवर दोरीचा आवाज हरणाच्या कानी पोहोचल्यानंतर बाण पोहोचायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. सावध झालेले हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून अंग खाली घेते, आणि तेवढ्या वेळात ते बाणाच्या खालून निसटू शकते किंवा बाण पाठीच्या वरच्या भागात लागू शकतो. मादी उडी घेण्याच्या बेतात असताना तो नरही ताणलेलाच असणार. आठवणीत तुम्ही सोडलेला प्रत्येक बाण अचूक लागतो. प्रत्यक्षात तसे झालेच असते असे धरून चालू नका.

उत्तर: शांतोदक

मी मानसशास्त्र शिकवते. शिकारीचा अनुभव मला नाही, तरी प्रश्नातील एका वाक्यामुळे लिहावेसे वाटले: ‘दर वेळी फांदी आणखी बारीक झालेली असते.’ जे घडले नाही पण सहज घडू शकले असते, अशा गोष्टीची कल्पना मन जितक्या सहजपणे करू शकते, तितका पश्चात्ताप तीव्र होतो. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये याचे एक उदाहरण मांडले होते. दोन प्रवासी वाहतुकीच्या कोंडीत अडकून एकाच वेळी विमानतळावर पोहोचतात आणि दोघांचीही विमाने चुकतात. एकाचे विमान अर्ध्या तासापूर्वी वेळेवर सुटलेले असते, तर दुसऱ्याचे उशीर होऊन अवघ्या पाच मिनिटांपूर्वी. नुकसान सारखेच, तरीही दुसरा अधिक हळहळेल असे जवळपास सर्वांनी सांगितले. नर ७० मीटरांवरून निघून गेला असता तर तुम्ही आज हा प्रश्न विचारला नसता, यामागचे कारण हेच आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंच्या चित्रफिती अभ्यासल्यावरही रौप्यपदक मिळवणारे कांस्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कमी आनंदी दिसले होते.

दुसरी गोष्ट थोडी अप्रिय आहे. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९५ मध्ये असे मांडले की केलेल्या कृतीची बोचणी सुरुवातीला अधिक असते, तर न केलेल्या कृतीची मागाहून दीर्घकाळ टिकते. केलेल्या गोष्टीला निदान शेवट असतो, त्यामुळे मन तिच्याशी तडजोड करते. न केलेली गोष्ट उघडीच राहते आणि तिचा शेवट आपण हवा तितका सुंदर रंगवू शकतो. त्यामुळे ‘काळ जाईल तसे विसराल’ एवढ्यावर विसंबू नका. घडले ते एकदा क्रमवार, विशेषणे न वापरता, कागदावर लिहून काढा. जनावर कुठून आले, किती अंतरावर थांबले, तुम्ही काय पाहिले, काय ठरवले. ‘असते’ आणि ‘नसते’ असे शेवट असलेली वाक्ये त्यात येऊ देऊ नका. लिहिलेला मजकूर आठवणीसारखा रोज बदलत नाही.

जुनेमचाण यांनी निर्णय आणि परिणाम वेगळे ठेवण्यास सांगितले, त्यालाही आधार आहे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांच्या १९८८ मधील प्रयोगांत एकाच निर्णयाचा शेवट चांगला झाल्याचे सांगितले असता लोकांनी तो निर्णय अधिक चांगला ठरवला आणि शेवट वाईट झाल्याचे सांगितले असता अधिक वाईट ठरवला, जरी निर्णय घेणाऱ्यापुढची माहिती दोन्ही वेळा सारखीच होती.

उत्तर: रोखठोक

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण प्रश्नकर्त्यांनी सांत्वन नको असे स्पष्ट लिहिलेले असताना त्यांना थोडे सांत्वनच मिळाले आहे, असे माझे मत आहे. माझ्या मते दुसऱ्या क्षणी झाली ती चलबिचल होती, आणि चलबिचलीवर सरावाखेरीज औषध नाही. फांदीचा विचार धनुष्य ताणल्यानंतर करायचा नसतो. मचाणावर चढल्यावर उजाडण्याची वाट पाहत असतानाच कोणत्या दोन झाडांमधून बाण जाईल, तिथवरचे अंतर किती, कोणती जागा आड येते, हे अंतरमापकाने आणि डोळ्यांनी ठरवून टाकायचे असते. जनावर येते तेव्हा हृदयाचे ठोके वाढलेले असतात, हात थरथरतात, नजर शिंगांवर खिळते आणि नवा हिशेब करण्याची बुद्धी त्या वेळी जागेवर नसते. जे आधी ठरलेले असते तेवढेच हातून होते.

सरावही त्या स्थितीचाच हवा. निवांत उभे राहून बाणांमागून बाण सोडण्याने फारसे साधत नाही. पळून येऊन, धाप लागलेली असताना, जाड कपडे आणि हातमोजे घालून, उंचावरून, आणि एकच बाण सोडायचा. तो लागला नाही तर त्या दिवशी दुसरा नाही. शिवाय पूर्ण ताणलेले धनुष्य बराच वेळ धरून ठेवण्याची आणि मग बाण न सोडता सावकाश परत आणण्याचीही सवय करा. ती नसेल तर दमलेले हात घाईने निर्णय घेतात. चालता नर मोकळ्या जागेत आल्यावर तोंडाने ‘मॅ’ असा हलका आवाज काढला की तो बहुधा थबकतो, पण तो सावधही होतो, म्हणून आवाज काढण्याआधी नेम तयार हवा.

झाडोरा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रोखठोक, तुमचे म्हणणे बोचले, पण ते बोचावे म्हणूनच विचारले होते. शांतोदक, लिहून काढायला बसलो तेव्हा असे लक्षात आले की नर आडवा उभा असताना त्याचा पुढचा पाय पुढे टाकलेला होता की मागे, हेच मला नक्की आठवत नाही, तरीही मनातल्या चित्रात तो पाय नेहमी नेमका पुढे, म्हणजे बाणाला जागा मोकळी करून, असतो.

आता दोन उपप्रश्न. त्याच मचाणावर पुन्हा बसावे का? आणि रायफलचा हंगाम सुरू झाल्यावर तोच नर सायंकाळी, लांबवर, अर्धवट झाडीत दिसला, तर पहिल्यासारखा हातचा जाऊ नये म्हणून मी घाई करेन अशी भीती वाटते. तिचे काय करावे?

उत्तर: जुनेमचाण

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण या धाग्यावरील सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच आहे. हुकलेल्या संधीने कोणाचे नुकसान झाले नाही, परंतु तिची भरपाई करण्याच्या ओढीने सोडलेल्या बाराने होऊ शकते. रायफलची गोळी आवाजापेक्षा कितीतरी वेगाने जाते, त्यामुळे जनावर खाली बसून निसटण्याची शक्यता राहत नाही, आणि नेमक्या याच जाणिवेने माणूस अंधारात, झाडीआड, नीट न दिसणाऱ्या आकृतीवर चाप ओढतो. लक्ष्य काय आहे आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, हे दोन्ही स्पष्ट दिसल्याशिवाय बोट चापावर न नेण्याचा नियम तुमच्या रुखरुखीसाठी शिथिल होत नाही. नारिंगी कपडे घातलेला दुसरा शिकारीही अंधारू लागल्यावर ओळखू येईलच असे नाही. दुर्बिणीतून हरणाची कूस पूर्ण दिसत नसेल तर बंदूक खाली, हे घरी असतानाच ठरवा आणि सोबत्याला सांगून ठेवा, म्हणजे ते मोडणे कठीण जाईल.

घाईत सोडलेला बाण लागून जखमी झालेल्या जनावराचा माग मी इतरांसोबत रात्ररात्र काढला आहे. कंदिलाच्या उजेडात प्रत्येक पान उलटून पाहावे लागते. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस लागले म्हणून पावले जरा हलकी होतात. काळपट लाल असेल तर यकृत. आणि त्यात हिरवट घाण व उग्र वास असेल तर बाण पोटात गेलेला असतो, मग निमूट मागे फिरून आठ-दहा तास थांबावे लागते, कारण लगेच पाठलाग केल्यास जखमी जनावर उठून आणखी लांब जाते. तेवढे तास घरी बसून काढणे ज्याने अनुभवले आहे, त्याला न सुटलेल्या बाणाबद्दल फार बोलावेसे वाटत नाही.

आता मचाण. तुमच्या वर्णनावरून नर मादीमागे पळाला, तुमच्या वासाने किंवा हालचालीने बिचकला नाही. त्यामुळे ती जागा त्याच्या लेखी धोक्याची ठरली असण्याचे कारण दिसत नाही. मात्र मीलनकाळातील नर मादी नेईल तिकडे जातो, म्हणून तो त्याच वाटेने येईल असे गृहीत धरू नका. माद्या कुठे चरतात आणि कुठे विसावतात त्या बाजूने मचाण निवडा. वारा तुमच्याकडून त्या वाटेकडे वाहत असेल त्या दिवशी तिथे चढूच नका, कितीही मोह झाला तरी. हरणाची नजर लाल-नारिंगी रंगांना मंद असते, पण हालचाल ते चटकन टिपते, आणि वासापुढे तर आपले काहीच चालत नाही.

सोबत्यांच्या हसण्याबद्दल रोखठोक काही बोलले नाहीत म्हणून मीच लिहितो. त्यांपैकी जो कधीतरी ताणलेले धनुष्य परत उतरवून घरी आला आहे, त्यालाच हा प्रसंग सांगा. बाकीच्यांना ‘नेम स्पष्ट नव्हता’ एवढे उत्तर पुरेसे आहे.