मदत हवी आहे: टाटा ४०७ मध्ये कमी जागेत कोणते जादा मीटर बसवावेत?

पावसकर_४०७:

नमस्कार मंडळी,

आमची टाटा ४०७ आहे, २०११ ची, टर्बो, १२ व्होल्ट. डिझेल पंप जुन्या पद्धतीचा, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही, म्हणून ओबीडी स्कॅनर लावून काही वाचायची सोय नाही. मोसमात हापूसच्या पेट्या, एरवी चिरा, खत, किराणा, मिळेल ते भाडं. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पावसला भरायचं, पाली, नाणीज, साखरपा करत रात्री आंबा घाट चढायचा आणि उजाडायच्या आत पुण्याच्या मार्केट यार्डात गाडी लावायची. गाडी बाबा चालवतात. मी बरोबर असलो की क्लीनर, घरी असलो की मेकॅनिक.

गेल्या मे महिन्यात घाटात इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) गेलं. कसं गेलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच आला आहे.

अर्धा घाट चढून झाल्यावर टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. बाबांनी गिअर खाली घेतला, पाय हलका केला. दोन वळणं गेली आणि काटा खाली आला. नेहमीच्या जागेच्याही खाली. बाबा म्हणाले, "उतरलं बघ." मलाही बरं वाटलं. तसेच चढत राहिलो. मग गाडी ओढेना, गोडसर करपट वास आला, आणि इंजिन जड होऊन गुरगुरायला लागलं तेव्हा कुठे बाजूला घेऊन बंद केलं. बॅटरी मारून बघतो तर खालच्या होजची क्लिप सैल आणि रेडिएटर कोरडा ठणठणीत. ती क्लिप तीन आठवड्यांपूर्वी मीच बसवली होती.

काटा खाली का आला ते नंतर कळलं. पाणी संपलं की सेन्सर नुसत्या वाफेत आणि हवेत उघडा राहतो. हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही. आत हेड भाजत असतं आणि काटा थंड दाखवतो. यात मीटरचा दोष नाही, तो पाण्याचं तापमान मोजतो आणि पाणीच नव्हतं. पण बाबांनी चाळीस वर्षं ज्या काट्यावर भरवसा ठेवला त्यानेच त्यांना पुढे जायला सांगितलं, हे माझ्या मनातून जात नाही. पेट्या दुसऱ्या गाडीत भरून पाठवल्या. यार्डात पोचेपर्यंत लिलाव होऊन गेले होते.

आता हेड प्लेन करून, गॅस्केट टाकून गाडी चालू आहे. पुढच्या मोसमाच्या आत नीट मीटर बसवायचे आहेत. अडचण जागेची.

रेडिओच्या खाचेत ५२ मिलिमीटरचे तीन मीटर बसतील अशी तयार पट्टी मिळते, ती पाहिली. पण त्या खाचेत बाबांचा पेन ड्राइव्हचा प्लेअर आहे. रात्री दोन ते चारच्या मध्ये त्यावर भजनं लागतात आणि तीच त्यांना जागं ठेवतात. तो काढा असं मी सांगणार नाही. डॅशबोर्डवर मधोमध गणपती आहे, तो हलणार नाही. पुठ्ठ्याचे ५२ मिमीचे गोल कापून केबिनभर लावून पाहिले. स्टीअरिंगच्या डाव्या अंगाला एक गोल आरामात बसतो, दुसरा लावला की गिअर टाकताना हाताची बोटं घासतात. ॲश-ट्रेची जागा रिकामी करता येईल, पण ती गोल नाही, आडवी आणि बुटकी आहे.

मनात चार मीटर आहेत: पाण्याचं तापमान (चांगलं), ऑइल प्रेशर, टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब), व्होल्ट. दुकानदार म्हणाला चारही घ्या, दोन ए-पिलरवर (समोरच्या काचेच्या कडेचा खांब), दोन वर सनव्हायझरपाशी. मला पटत नाही. यातले कोणते खरंच हवेत, आणि कुठे लावू?

घाटमाथा:

भाऊ, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. आमच्याही हाताने असा एक हेड गेलाय, तोही भरल्या गाडीत.

ए-पिलरवर काही लावू नका. आपली गाडी उजव्या हाताची. उजव्या वळणाला, वर बघत चढताना, समोरून येणारा नेमका त्या खांबाआड असतो. आधीच खांब जाड, त्यात दोन डबे चिकटवले की मोटारसायकल अख्खी लपते. वर व्हायझरपाशी लावलं तर बघायला मान उचलावी लागते, म्हणजे घाटात कोणी बघणारच नाही.

मी ट्रॅक्टरला असतो तसला मेकॅनिकल टेम्परेचर मीटर लावला होता, बारीक तांब्याच्या नळीचा. वायरिंग नाही, सेन्सर नाही, वर्षानुवर्षं चालतो. फक्त ती नळी कापायची किंवा मुरडायची नसते, जास्तीची असेल ती मोठा वेटोळा करून बांधून ठेवायची. पण तुमच्यासारखं पाणी गेलं तर तोही फसेल, हे खरं.

टेक्सासकर:

मी ह्यूस्टनजवळ राहतो, २००१ ची रॅम २५०० आहे, ५.९ लिटर कमिन्स, घोड्यांचा ट्रेलर ओढतो. इकडे डिझेल पिकअपवाले बूस्ट, एक्झॉस्टचं तापमान आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान असे तीन मीटर हमखास लावतात. माझ्या वर्षाच्या गाडीला डिझेलच्या प्रेशरचा चौथा लागतो, कारण टाकीकडून येणारं प्रेशर पडलं तर महागडा इंजेक्शन पंप कोरडा पडून मरतो. म्हणजे प्रत्येक गाडीचं दुखणं वेगळं आणि मीटर त्या दुखण्याचा घ्यायचा.

तुमच्या गाडीत गिअरबॉक्स हाताचा, पंप वाढवलेला नाही. बूस्टचा मीटर बघायला छान वाटतो, पण तो बघून बाबा वेगळं काय करतील? काही नाही. तो सोडा. एक्झॉस्टचं तापमान पंप छेडलेल्या गाडीला हवं. टर्बोच्या आधी मोजलं आणि सलग ७०० सेल्सिअसच्या वर राहिलं तर पाय उचलायचा, असा इकडचा ढोबळ नियम. त्यासाठी मॅनिफोल्डला भोक पाडावं लागतं. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

पिलरबद्दल वरच्या काकांशी सहमत. माझ्या डाव्या पिलरवर दोन मीटर आहेत आणि चौकात वळताना एकदा पायी चालणारा माणूस त्यांच्याआड गेला होता. शेवटच्या क्षणी दिसला. पुन्हा बसवायची वेळ आली तर तिथे बसवणार नाही.

वायरिंग_ताई:

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

तुम्हाला पाण्याचा "चांगला" मीटर नको आहे. कितीही महाग घेतला तरी तो पाण्यातच बुडलेला लागणार. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात. एक, हेडच्या लोखंडाचं तापमान. त्यासाठी रिंगचा सेन्सर मिळतो, वॉशरसारखा बोल्टखाली बसतो, डिस्प्ले काडेपेटीएवढा असतो. पाणी असो नसो, धातू तापला की तो दाखवतोच. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या जवळ हेडवर एखादा साधा ब्रॅकेटचा बोल्ट बघा, तिथे लावा. हेडच्या मुख्य बोल्टखाली चुकूनही लावू नका, टॉर्क बिघडेल. एक्झॉस्टच्या बाजूला नको आणि पंख्याचा वारा थेट लागेल तिथेही नको.

दोन, पाण्याच्या पातळीचा बझर. रेडिएटरची वरची टाकी पितळी असेल तर रेडिएटरवाल्याकडून तिला एक नट डाग देऊन बसवून घ्या, त्यात प्रोब. पाणी प्रोबच्या खाली गेलं की बझर वाजतो. प्रोब बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत लावू नका. रेडिएटर रिकामा झाला तरी त्या बाटलीत पाणी तसंच राहू शकतं. आणि नव्या सेन्सरसाठी होज कापून टी (तीन तोंडांचा जोड) घालू नका. एक जोड वाढला की दोन क्लिपा वाढल्या, आणि क्लिपेनेच तुमचा घात केलाय.

मग गोल मीटर एकच उरतो, ऑइल प्रेशरचा. तो स्टीअरिंगच्या डाव्या अंगाला. काडेपेटी ॲश-ट्रेच्या जागी. बाबांची भजनं आणि गणपती जिथल्या तिथे. व्होल्टचा मीटर नको, चार्जिंगचा लाल दिवा आहेच.

बसवताना या चुका रोज बघते. ऑइल प्रेशरचा सेंडर (इंजिनवरचा सेन्सर) जड असतो. तो पितळी टीवर तसाच लटकवला की डिझेल इंजिनच्या थरथरीने टी मानेत तुटतो आणि सगळं ऑइल बाहेर. म्हणून मध्ये वीतभर हायड्रॉलिक होज घालून सेंडर गाडीच्या बॉडीला क्लॅम्प करा. मग त्याला इंजिनची अर्थिंग मिळत नाही, वेगळी अर्थची वायर द्या. कंपनीचा प्रेशर स्विच काढून टाकू नका, टीच्या दुसऱ्या तोंडाला ठेवा, लाल दिवा चालू राहिला पाहिजे. आटे मोजून घ्या. बाजारातले बरेच सेंडर १/८ एनपीटीचे (अमेरिकन इंची आटे) असतात, आपल्या गाड्यांना मिलिमीटरचे आटे असतात. दिसायला सारखे, दोन फेरे बसतातही, मग ब्लॉकचे आटे जातात. ॲडॅप्टर घ्या. सेंडर आणि मीटर एकाच जोडीतले हवेत, एकाचा सेंडर दुसऱ्याला लावला तर काटा काहीही सांगेल. आणि एका वायरच्या सेंडरला टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका, अर्थिंग तुटते.

भोक पाडायच्या आधी मागची खोली मोजा. समोरून ५२ बसतो, पण मागे मीटरची लांबी अधिक वायर वळायला दोन बोटं जागा लागते.

पावसकर_४०७:

ताई, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. बाटलीत पाणी तसंच राहतं हे ऐकून ते गप्प झाले. त्या रात्री घाटाच्या पायथ्याला त्यांनी बाटलीच बघितली होती, आणि ती भरलेली होती.

टेक्सासकर, घाटमाथाकाका, मनापासून आभार. बूस्ट, व्होल्ट आणि पिलर तिन्ही रद्द.

दोन शंका. हेडच्या तापमानाचा अलार्म किती अंशांवर लावू? आणि डिस्प्ले निळ्या आकड्यांचा मिळतोय, चालेल का?

वायरिंग_ताई:

आकडा मी सांगून उपयोग नाही. सेन्सर कुठल्या बोल्टवर बसला त्यावर तो ठरतो. भरलेली गाडी घेऊन दोन-तीनदा घाट चढा, सगळ्यात जास्त किती जातं ते लिहून ठेवा, त्याच्या वर १०-१२ अंशांवर अलार्म लावा.

निळा घेऊ नका. रात्री काचेवर निळा डाग उमटतो आणि डोळे दिपतात. पिवळसर किंवा लाल घ्या. डिस्प्लेला उजेड कमी करायची वायर असेल तर ती पार्किंग लाइटच्या सर्किटला जोडा, दिवे लावले की आपोआप मंद होतो. पॉवर इग्निशननंतरची घ्या आणि मध्ये छोटा फ्यूज टाका.

पावसकर_४०७:

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळं बसलं.

ऑइल प्रेशरचा मीटर स्टीअरिंगच्या डावीकडे लेथवाल्याकडून वाकवून घेतलेल्या पत्र्याच्या पट्टीवर आहे. पट्टी थोडी बाबांकडे तिरपी केली, त्यामुळे मान न वळवता दिसतो. हेडचा डिस्प्ले ॲश-ट्रेच्या जागी, कानशीने दोन मिलिमीटर घासावं लागलं. पिवळे आकडे. दोन टन चिरा भरून आंबा घाट दोनदा चढलो. साखरप्याला ८६, वरच्या वळणांवर ९७, दुसऱ्या खेपेला ९८. अलार्म ११० ला लावलाय. पाण्याचा जुना काटा तसाच ठेवला, त्यालाही बघतो.

पातळीचा बझर अंगणात तपासला. इंजिन थंड असताना रेडिएटरचा खालचा कॉक उघडून पाणी बादलीत काढलं, पातळी प्रोबच्या खाली गेली तसा वाजला. मी खूश. बाबा म्हणाले, आता गाडी चालू कर. मग त्यांनी केबिनमध्ये बसून दोन्ही काचा खाली घेतल्या, प्लेअर रात्री असतो तेवढ्या आवाजात लावला, मला पुन्हा पाणी काढायला लावलं आणि जेमतेम मिनिटभर इंजिन चालू ठेवलं. बझर वाजत होता. त्यांना ऐकू आला नाही.

ताई, त्या जागी रिव्हर्सचा मोठा हॉर्न लावला तर चालेल का? पातळीच्या त्या छोट्या सर्किटवर एवढा करंट जाईल का?

वायरिंग_ताई:

थेट लावू नका, सर्किट जळेल. मध्ये १२ व्होल्टचा चार पायांचा रिले टाका. बझरच्या दोन वायर रिलेच्या ८५ आणि ८६ ला, ३० ला फ्यूजमधून बॅटरीची प्लस, ८७ वरून हॉर्नला. हॉर्नची दुसरी वायर अर्थला. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावायला विसरू नका, पट्ट्याची बाजू प्लसकडे. हॉर्न सीटखाली बांधा, बाबांच्या पायाशी. आणि बाबांना परत एकदा भजन लावून ऐकवा.