महाग गिटारीआधी तारांची उंची बघा
बोटं सोलवटतात, एफ कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा एकदम दाबून वाजवायचा स्वरमेळ) लागत नाही, म्हणून महागडी गिटार घ्यावी का, असं एका नवशिक्याने विचारलंय. थांबा, आधी तारांची उंची मोजा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाड ई तार त्या पट्टीपासून साधारण २.५ मिमी उंचीवर असावी. माझ्या पहिल्या गिटारीवर ती ४ होती, आणि दोन वर्षं मी बोटांनाच दोष देत राहिले!

मग नट, म्हणजे मानेच्या टोकाची, तारा बसायला खाचा असलेली पट्टी. त्याच्या खाचा उथळ असतील तर पहिल्या फ्रेटवरच सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि एफ नेमका तिथेच. हे फारसं कुणी तपासत नाही. जाणत्या कारागिराकडून खाचा आणि सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) घासून घ्या, ०.०१२ ऐवजी ०.०११ इंची (सगळ्यात बारीक तारेची जाडी) तारांचा सेट लावा. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर येतात, तेव्हा पुन्हा मोजा.