साखरपुड्याआधी किती भेटी घ्याव्यात, आणि त्यांत काय विचारावं?

मोगरा:
बहिणीला आलेल्या स्थळाकडून होकार आहे, आमचीही पसंती आहे. पण पाहण्याच्या कार्यक्रमात दोघं गच्चीवर वीस मिनिटं बोलली, तेवढंच. मध्यस्थ म्हणतात, पंधरा दिवसांत सुपारी फोडून टाका. पत्रिकेत साडेएकवीस गुण जुळतात, पण एकनाडी आहे, म्हणून आजी अडून बसली आहे. अजून किती भेटी मागाव्यात? रक्ततपासणीबद्दलही सांगा.

गोदाकाठ:
ताई, पंधरा दिवस फार कमी. सहा ते आठ आठवडे मागून घ्या. ‘मुलं अजून दोनतीनदा भेटू देत, मग याद्यांना बसू’ असं स्पष्ट सांगितलं तर समंजस माणसं रागावत नाहीत. सुपारी फुटायच्या आधी दिलेला नकार हा फक्त नकार असतो. नंतर त्याचा मोडलेला साखरपुडा होतो आणि पुढच्या प्रत्येक स्थळाला त्याचं कारण सांगत बसावं लागतं.

गच्चीवरची भेट मोजूच नका. पुढची बाहेर, दोघांचीच, निदान दोन तास. त्यात कामाच्या वेळा, खाणंपिणं, देवधर्म, मित्रमंडळी, मूल हवं की नको, एवढं बोलून होतं. पैशाचं त्याच्या पुढच्या भेटीत. ‘पगार किती?’ विचारलं की पुष्कळदा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा येतो. हातात किती पडतो, हप्ते किती जातात, घरी किती द्यावे लागतात, कर्ज कोणत्या वर्षी फिटणार, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, हे सगळं वेगवेगळं विचारायचं. बहिणीने आधी स्वतःचे आकडे सांगावेत, म्हणजे उलटतपासणी वाटत नाही. मुलगा अमेरिकेत असेल तर तिचा व्हिसा कोणता असेल तेही आत्ताच विचारा. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आपोआप नोकरी करता येत नाही.

‘घरकामात मदत करशील का?’ हा प्रश्न वाया जातो, उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘मागचा रविवार सकाळपासून सांग’ म्हणावं. सिलिंडर कोणी बदलला, कपडे कोणी वाळत घातले, आईच्या गोळ्यांच्या वेळा कोणाला पाठ आहेत, सगळं त्यात येतं. शेवटची भेट एकमेकांच्या घरी, सणवार नसलेल्या दिवशी, जेवणाच्या वेळेला. ताटं कोण उचलतं ते बघावं.

नक्षत्रवेल:
आजींसाठी थोडा हिशोब. 36 गुण आठ कूटांत विभागलेले आहेत: वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, राशिकूट 7, नाडी 8. एकनाडी म्हणजे दोघांची नाडी एकच, म्हणून नाडीचे आठही गेले. उरलेल्या 28 पैकी साडेएकवीस मिळाले आहेत, आणि चालण्याजोगी रेघ 18 ची मानतात.

27 नक्षत्रं तीन नाड्यांत 9-9 अशी वाटलेली आहेत, म्हणजे साधारण तीन स्थळांत एक एकनाडीचं निघणारच. रास एक पण नक्षत्र वेगळं, किंवा नक्षत्र एक पण चरण वेगळं असेल तर शास्त्र सांगणारेही हा दोष धरत नाहीत. गुरुजींना नेमकं तेवढंच विचारा. आणि ‘एकनाडी म्हणजे एकच रक्तगट’ हा गैरसमज आहे. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते, रक्ताशी तिचा संबंध नाही.

पत्रिका मानायची की नाही हे भेटीआधी ठरवावं. मुलं एकमेकांना आवडल्यावर ती पुढे करणं दोघांवरही अन्याय आहे.

रक्तपेशी:
रक्तात बघायचंय ते थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचं वाहकपण, म्हणजे आजाराचं एकच जनुक अंगात असणं. सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) आणि एचपीएलसी पद्धतीची एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) चाचणी, या दोन्हींत दोन्ही आजारांचा अंदाज येतो. एचबीए२ साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेलं की थॅलेसेमियाच्या वाहकपणाचा संशय घेतात. लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येतो, आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर अहवालावर विसंबू नये. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांनी सिकलसेलचं विसरू नये.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. एक थॅलेसेमियाचा आणि दुसरा सिकलसेलचा वाहक असला तरी धोका आहेच, हे पुष्कळांना माहीत नसतं. वाहक स्वतः मात्र बहुधा ठणठणीत असतो, त्याला आजारी म्हणू नका.

मोगरा:
खूप आभार. पण त्यांच्याकडे तपासणीचा विषय काढायचा कसा? वाईट वाटून घेतील.

रक्तपेशी:
आधी बहिणीची करून घ्या. ती वाहक नसेल तर या दोन आजारांपुरतं मुलाला काही विचारायची गरजच उरत नाही. ती वाहक निघाली तर तिनेच त्याला अहवाल दाखवावा आणि ‘तूही करून घेशील का?’ म्हणावं. मध्यस्थांकडून निरोप धाडू नका, वाटेत ‘मुलीला काहीतरी आहे’ एवढंच पोचतं.