जावाच्या बाहुल्यांना ‘कळसूत्री’ म्हणता येईल का?

गोदाकाठ: सातवीच्या मुलांसाठी जावाच्या ‘वायांग कुलित’वर टिपण लिहायलेय. म्हशीच्या कातड्यातून कोरलेली बाहुली, तिच्यामागं दिवा, पुढं पांढरा पडदा. मी ‘कळसूत्री बाहुल्या’ लिहिलं. शाळेतले एक सर म्हणाले, यात सूत्र कुठंय? मग काय लिहू?

बिंदुसरा: सरांचं बरोबर. कळसूत्री वरून दोऱ्यांनी नाचते, ही खालून काठ्यांवर. ‘छायाबाहुली’ लिहा.

बालाघाट: कोण म्हणतं छायाबाहुली? कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर कलावंत ‘चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ’ म्हणतात. खेळ करणाऱ्यांचा शब्द असताना कारखान्यातला कशाला?

बिंदुसरा: प्रेक्षक चामडं बघतो का सावली?

देगलूरकर: आमची आजी ‘बोम्मलाटा’ म्हणायची. पूर्ण तेलुगू नाव तोलुबोम्मलाटा: तोलु कातडं, बोम्मा बाहुली, आटा खेळ. कन्नडमध्येही तोगलु गोंबेयाट, म्हणजे कातडंच. ओडिशात मात्र ‘रावणछाया’. मला वाटतं, आंध्रातलं कातडं पारदर्शक, पडद्यावर लाल-हिरवे रंग उतरतात, म्हणून त्याला सावली म्हणवत नाही. ओडिशातली आकृती काळी पडते, म्हणून छाया.

बिंदुसरा: केरळात तुमचा नियम मोडतो. तोलपावकूत्तूच्या बाहुल्या हरणाच्या कातड्याच्या, सावली काळीच, तरी नावात ‘तोल’. आणि वायांगचं नातं तर सावलीच्या ‘बायांग’शी लावतात, ‘कुलित’ म्हणजे कातडं. म्हणजे जावाच्या नावात सावली आणि कातडं दोन्ही आहेत.

बालाघाट: तुर्कांच्या खेळाचं नाव करागोझ, म्हणजे काळा डोळा. आपल्याही डोळ्यात बाहुलीच असते की! बाहुली शब्द तिथूनच आला असणार.

बिंदुसरा: करागोझ हे त्या खेळातल्या पात्राचं नाव. त्यावरून मराठी व्युत्पत्ती कशी लावता?

गोदाकाठ: जुना मराठी शब्द चालेल का? ज्ञानेश्वरीत ‘साईखडियाचें बाहुलें’ आहे.

बिंदुसरा: पुढची ओळ वाचा, ‘चालवित्या सूत्राचेनि चाले’. पुन्हा दोरीच आली.

बालाघाट: पण शब्द केवढा गोड! माउलींचं आपेगाव आपल्या पैठण तालुक्यातलं. हा शब्द आपणच टाकून दिला याचं खरंच वाईट वाटतं.

देगलूरकर: आंध्र-कर्नाटकात हा खेळ करणाऱ्या कित्येक कुटुंबांत घरी आजही मराठीचीच एक बोली बोलतात. रामायण तेलुगूत सांगायचं, पडदा उतरला की आपसात मराठी. त्यांच्या घरात सावलीला काय म्हणतात, बाहुलीला काय म्हणतात, ते आधी विचारायला पाहिजे.

बालाघाट: उमरग्याकडून कुणी आहे का इथं? तिकडं कर्नाटक जवळ.