दारू एकदम सोडल्यावर मेंदूत काय होतं

रोजची क्वार्टर एकदम बंद केली तर दोन दिवस हात थरथरतील, बस्स, असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं. मेंदूच्या पेशींवर रासायनिक संदेश झेलणारे रिसेप्टर असतात: गाबा-ए मेंदूला शांत करणारा ब्रेक, तर एनएमडीए उत्तेजित करणारा. दारू गाबा-ए रिसेप्टरचा ब्रेक जोरात दाबते आणि एनएमडीए रिसेप्टर दडपते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू गाबा-ए बोथट करतो, एनएमडीए वाढवतो. मग दारू थांबली की एनएमडीएला चेतवणारं रसायन, ग्लुटामेट, मोकाट. थरथर सहसा ६-८ तासांत, फिट साधारण ६ ते ४८ तासांत. पण भास, ताप, बरळणं बहुधा ४८ ते ९६ तासांत, म्हणजे घरचे निर्धास्त झाल्यावर! पूर्वी फिट आली असेल तर घरगुती प्रयोग नकोच, थेट हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, मुंबईत असाल तर केईएम किंवा सायनची. तिथे देतात ते डायझेपाम हे औषध गाबा-एवरच काम करतं; लिव्हर खराब असेल तर त्याच जातीचं लोराझेपाम बरं. आणि ग्लुकोजचं सलाइन लावणार असतील तर आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) दिलं का, हे विचाराच.